घाट उतरताना मागचा ब्रेक गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. एकटीने पुन्हा निघायचंय, मदत हवी आहे

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. पण तपशील गाळले तर तुम्हीच एकेक करून विचारणार, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

बाईक चार वर्षं जुनी. सिंगल सिलिंडर, फ्युएल इंजेक्शन, दोन्ही चाकांना डिस्क, एबीएस आहे. गाडी १९० किलोच्या आसपास. मी आणि सामान धरून ३०० भरतात. डोंगरात गाडी चालवायची सवय आहे, पण आजवर कायम तीन-चार जणांच्या घोळक्यात. एकटीने केलेली ही पहिलीच मोठी फेरी. त्यासाठी सामानाच्या पेट्या, पावसाळी कपडे, जाड तळव्याचे उंच बूट अशी नवी खरेदीही झाली होती. (एकटी का जाते, हा वेगळा धागा काढा. तिथे भांडू.)

तिसऱ्या दिवशी खिंड ओलांडून खाली उतरत होते. दीडेक हजार मीटरचा सलग उतार, वळणांमागून वळणं. गाडी बहुतेक वेळ तिसऱ्या गिअरमध्ये. शेवटच्या टप्प्यात एका वळणाआधी मागचा ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं. विरोध म्हणून नाहीच, चिखलात पाय रुतावा तसं. पुढचा ब्रेक शाबूत होता, पटापट दोन गिअर पाडले आणि कशीबशी कडेला घेतली. जळका वास येत होता, मागची डिस्क निळसर-जांभळी पडलेली. बाटलीतलं थोडं पाणी टाकलं तर चर्र झालं.

तिथेच दगडावर बसून राहिले. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक, जणू काही झालंच नव्हतं!

परत आल्यावर गॅरेजमध्ये ‘पॅड संपलेत’ असं सांगून नवे घातले. जुने मी मागून घेतले, ते अजून चांगले जाड आहेत. म्हणजे कारण ते नसावं.

आणखी एक. महत्त्वाचं आहे की नाही कळत नाही. उतारावर एका जीपला वाट दिली, तर पुढे जाताना चालकाने खिडकीतून हात काढून मूठ दोन-तीनदा उघडझाप केली. मला वाटलं सामान लोंबतंय. थांबून पट्टे ओढून पाहिले, सगळं जागच्या जागी होतं.

पुढच्या महिन्यात नऊ दिवसांचा बेत आहे. त्यात ४००० मीटरच्या वरच्या दोन खिंडी, आणि दुसरीच रात्र ३६०० मीटरवर. नेमकं काय बिघडलं होतं आणि एकटीने जाण्याआधी काय काय तपासू? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

पॅड नाही, ब्रेक ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. कॅलिपरमध्ये (चाकापाशी पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बुडबुडे झाले की पेडल नुसतं वाफ चेपत बसतं. थंड झालं की वाफेचं पुन्हा ऑइल, म्हणून पेडल परत आलं.

उष्णता कुठून आली म्हणाल तर ३०० किलो वजन १५०० मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा बाहेर पडते तेवढ्यात साधारण १३ लिटर गार पाणी उकळीला येईल. काही हवेच्या विरोधात जाते, काही इंजिन खातं, उरलेली सगळी ब्रेकच्या माथी. म्हणून जुनी माणसं सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. एवढ्या ओझ्याला तिसरा गिअर बहुधा वरचा होता. दुसऱ्यात इंजिन ओरडतं, ओरडू द्या.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३० अंशांना उकळतं. ओल धरलेल्यासाठी तोच किमान आकडा १५५ आहे. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं.

आणि ताई, तापलेल्या डिस्कवर पाणी पुन्हा टाकू नका. वाकडी होऊ शकते.

प्रतिसाद २

ब्रेकचं वर आलंच आहे, मी उंचीवर बोलतो. गाडीची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटेल. इंजेक्शनची आहे, ती सांभाळून घेईल. तुमची दुसरी रात्र मात्र मला पटली नाही. ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. दिवसा खिंड ओलांडून खाली झोपायला आलात तर चालतं. झोपता कुठे ते महत्त्वाचं.

घोळक्यात असताना कुणीतरी म्हणतं, ‘अगं, तू अडखळत का बोलतेयस?’ एकटीला ते कुणी सांगणार नाही, आणि डोकं चालेनासं झालं की आपलं आपल्याला कळत नाही. रोज सकाळी गाडीवर बसण्याआधी टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चाला. तोल गेला तर किल्ली फिरवायची नाही. जो कुणी जवळ असेल त्याला हाक मारा, त्याच्यासोबत खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.

प्रतिसाद ३

पहिल्या प्रतिसादाशी सहमत, पण गोष्ट अर्धीच सांगितली आहे. तिसऱ्या गिअरमध्येही नुसता मागचा ब्रेक इतका तापत नाही, सतत लागून राहिला तरच तापतो. तुम्ही जीपवाल्याला मोडीत काढलंत. उघडझाप करणारी मूठ म्हणजे दिवा. ‘तुमचा ब्रेक लाईट सारखा पेटतोय’ असं सांगत होता तो.

उतरताना उजवा पाय कुठे असतो तुमचा?

धागाकर्ती

पाय पेडलवर ठेवून चालवायची सवय नाही मला, मुद्दाम तपासत असते. ब्रेक ऑइल... गाडी घेतल्यापासून बदललेलं नाही. टाकीच्या काचेतून पाहिलं तर कडक कोऱ्या चहाचा रंग.

प्रतिसाद ३

सवय नसेल, पण बूट नवे आहेत ना? तेच घालून अंधार पडल्यावर गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, किल्ली चालू करा आणि घाटात बसता तशी बसून आरशात पाहा.

लाईट लागला म्हणजे पॅड टेकलेच असं नाही, स्विच आधी लागू शकतो. म्हणून दुसरी परीक्षा: गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पाय तसाच ठेवा आणि कुणाला तरी मागचं चाक हाताने फिरवायला सांगा.

आणखी एक बारकावा. मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप) एक बारीक भोक असतं. तापून फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परततं. पेडल किंचित जरी दाबलेलं राहिलं तरी ते बंद होतं. मग फुगणाऱ्या ऑइलला वाट नाही, ते पॅडलाच रेटतं, ब्रेक आणखी तापतो, ऑइल आणखी फुगतं. पाय काढेपर्यंत हे चक्र थांबत नाही.

धागाकर्ती

काल रात्री पाहिलं. रोजच्या चपला घालून बसले तर भिंत काळोखी. बूट घालून बसले आणि भिंतीवर लाल उजेड! पाय मी फूटरेस्टवरच ठेवला होता, शपथ. बुटाचा तळवा एवढा जाड की चवडा आपोआप पेडलवर टेकत होता, आणि आतून काही जाणवतही नाही. भावाने चाक फिरवून पाहिलं तर घासत होतं. तीन दिवस मी अशी फिरले. त्या जीपवाल्याला मनातल्या मनात किती नावं ठेवली होती.

पेडलची उंची खाली करून घेतली आहे, बूट घालूनच. ब्रेक ऑइल दोन्हीकडचं बदललं. डिस्क मोजून घेतली, वाकलेली नाही, पण पॅड पुन्हा नवे घातले, कारण त्या गॅरेजवर आता माझा भरवसा नाही. दुसऱ्या रात्रीचा मुक्काम ३००० च्या खाली आणलाय आणि एक दिवस वाढवलाय. निघण्याआधी सगळं सामान लादून एका जवळच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढ-उतार करून बघणार आहे.

एकच अडचण उरली. खडबडीत रस्त्यावर मी फूटरेस्टवर उभी राहून चालवते, आणि पेडल खाली केल्यापासून उभं असताना चवडा तिथवर पोहोचत नाही, गुडघा वाकवावा लागतो. बसून आणि उभं राहून, दोन्हीला जमेल अशी उंची कशी साधता तुम्ही? की पातळ तळव्याचे बूट घेणं हाच उपाय?