'लाइन'नं आपले किती शब्द गिळले?

महालातले आजोबा

परवा आमच्या नागपुरात एका दिवसात 'लाइन' हा शब्द किती वेळा कानावर पडतो, ते मोजलं. सकाळी दूधवाला म्हणाला, "काका, तुमच्या लाइनीत आता दोनच घरं उरली." दहा वाजता लाइन गेली. (पुण्याकडच्यांसाठी सांगतो: तुमचे लाइट जातात, आमची लाइन जाते.) बँकेत लाइन. मुलगी म्हणाली, "बाबा, मेट्रोच्या ऑरेंज लाइननं बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला उतरा, तिथून अॅक्वा लाइन धरा." शेजारच्या वहिनी एका स्थळाबद्दल विचारत होत्या, "मुलगा कोणत्या लाइनमध्ये आहे?" चौकातली पोरं जी लाइन मारतात ती वेगळीच.

हे सगळं हसून सोडलं असतं. पण संध्याकाळी तिसरीतल्या नातवाची वही पाहिली. मराठीची वही! 'मुंग्या लाइनीत चालतात. मी पट्टीने लाइन ओढली. कवितेची पहिली लाइन मला आवडते.' अरे, मुंग्यांची रांग, पट्टीनं रेघ, कवितेची ओळ! त्याला विचारलं, "ओळ म्हणजे काय रे?" तर म्हणे, "ओळखमधलं?"

रेघ, रेषा, रेखा या एकाच घरच्या तिघी, पण कामं वाटून घेतलेल्या. रेघ वहीत, रेषा भूमितीत, रेखा तळहातावर. दारिद्र्यरेघ कोणी म्हणत नाही आणि भाग्यरेघही नाही. ही वाटणी शेकडो वर्षांत बसलेली आहे. एक परका शब्द येतो आणि सगळ्यांच्या जागेवर एकटाच पसरतो. एका शब्दात वीस अर्थ कोंबणं ही मला श्रीमंती वाटत नाही.

खापरी ते बर्डी रोज

काका, आदर ठेवून सांगतो, पटलं नाही. एका शब्दाला वीस अर्थ म्हणजे गरिबी, तर आपल्या 'लागणे'चं काय करायचं? भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, फोन लागतो, डोळा लागतो, वेड लागतं, पाणी लागतं, वर 'मला काय लागतं त्याला!' हे आपलंच. इंग्रजीत 'सेट' या एका शब्दाचे ऑक्सफर्डच्या 1989च्या मोठ्या कोशात 430 अर्थ दिलेत. म्हणून इंग्रजी दरिद्री झाली का?

मेट्रोचं म्हणाल, तर पेपरवाले 'मार्गिका' लिहितात. लिहू देत. सीताबर्डीच्या स्टेशनात गाडी बदलताना एखाद्या आजींना "अॅक्वा मार्गिका कुठे आहे" असं विचारताना मी तरी ऐकलं नाही.

महालातले आजोबा

'लागणे'नं कुणाची जागा घेतली, सांगा. कुणाचीच नाही. 'लाइन'नं घेतली. फरक तिथे आहे.

तारेवरचा, आता निवृत्त

मी तेहतीस वर्षं खांबावर चढलो. माझं मत दोन्हीकडून आहे.

पहिलं म्हणजे, कागदावर आमच्याकडे 'वीजवाहिनी' लिहितात. आता भर पावसात, तीस फूट वरून, खालच्या माणसाले 'वीजवाहिनी बंद केली का बे' असं ओरडून पाहा. तोंडात पाणी जाईल, शब्द संपणार नाही. 'लाइन बंद?' एवढंच पुरते.

आता दुसरं, आणि हे मी पोराबाळांनाही सांगतो. एका जुलैच्या रात्री 11 केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या तारेवर काम होतं. खाली सोबती सबस्टेशनशी फोनवर बोलून राहिला होता. मधेच तो म्हणाला, "लाइन गेली!" मले वाटलं, सप्लाय बंद झाला. त्याचा फोन कटला होता. आमची रीत अशी, की बंद म्हटलं तरी आधी अर्थिंगचा रॉड, म्हणजे तार जमिनीशी जोडणारी दांडी टेकवायची, मगच हात. रॉड टेकवला अन् जो भडका उडाला, तो अजून डोळ्यांपुढून जात नाही. फीडर (सबस्टेशनातून निघणारी मुख्य लाइन) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, मी वाचलो. रीत सोडली असती तर हे लिहायला नसतो.

तेव्हापासून माझ्या गँगमध्ये नुसतं 'लाइन' म्हणायला बंदी. फीडरचं नाव घ्यायचं आणि लाइन क्लिअर, म्हणजे कामाची परवानगी, लेखी हाती आल्याबिगर शिडी लावायची नाही. म्हणजे बोलायला हा शब्द बेस, पण जिवाचं काम असलं की आजोबा बरोबर.

सिव्हिल लाइन्सचा भाडेकरू

आमच्या वस्तीच्या नावाचं काय करणार? छावणीत शिपायांच्या बराकी रांगेनं असत, त्या 'लाइन्स'. मुलकी साहेबांचे बंगले झाले ते सिव्हिल लाइन्स. पोलीस लाइन टाकळीही त्याच घराण्यातली. 'मुलकी रांगा' असा पत्ता दिला तर डिलिव्हरीवाला फोन करून करून थकेल.

उमरेड रोडचा शेतकरी

तुम्ही शहरातले रांग-ओळीवर भांडून राहिले. आमच्याकडे नांगरानं पडते ते तास. पेरलेल्या पिकाची ओळही तासच. कपाशीचे इतके तास, मग तुरीचा एक तास. निंदणाले बाया बसल्या की प्रत्येकीची पात, म्हणजे तिच्या वाट्याचा पट्टा, वेगळी, अन् आपली पात सोडून दुसरीच्या पातीत घुसलं की भांडण. माझा पोरगा कॉलेजात आहे. त्याले म्हटलं, "दोन तास राहिले," तर तो मोबाइलमध्ये घड्याळ पाहते! हा शब्द इंग्रजीनं नाही मारला, शाळेच्या मराठीनं मारला. त्याच्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

महालातले आजोबा

हे मात्र लागलं. 'पात' मला माहीत नव्हता.

जवसाची चटणी

आजोबा, तुम्ही 'परका शब्द' म्हणता त्याचं मूळ ऐका. 'लाइन' आली लॅटिनमधल्या 'लिनेआ'वरून. अर्थ, लिननचा दोरा. लिनन निघतं फ्लॅक्सच्या झाडापासून, आणि फ्लॅक्स म्हणजे आपलं जवस. तेच, ज्याची चटणी नसेल तर विदर्भात ताट अर्धं वाटतं. आपण ते तेलासाठी पेरलं, तिकडे खोडाच्या धाग्यासाठीही. तो दोरा ताणला की सरळ रेघ मिळते. त्या एका ताणलेल्या दोऱ्यातून पुढे कवितेची ओळ, रेल्वेची, फोनची, सगळ्या लाइनी निघाल्या.

आणि आता आपल्या कपाशीचा दोरा घ्या. सूत. सुतावरून सुतार. सुतासारखा सरळ करणे, म्हणजेच तुमचं 'लाइनीवर आणणे'. दोघांचं सूत जुळलं, म्हणजे चौकातल्या पोरांची लाइन एकदाची यशस्वी झाली! सळई चार सुती, म्हणजे अर्धा इंच, कारण इंचाचा आठवा भाग एक सूत. 1877मध्ये जमशेटजी टाटांनी ज्या गावात एम्प्रेस मिल ही कापडगिरणी सुरू केली, त्या गावाला सुताचे अर्थ मी काय सांगायचे? त्यांच्या दोऱ्यानं केलं तेच आपल्या दोऱ्यानं केलं. मग त्याला बळकावणं म्हणायचं आणि याला संस्कृती, असं कसं?

गवंडीकाम, हुडकेश्वर

आमच्यात तर दोन्ही एकत्रच आहे. भिंत उचलताना दोन टोकांना ताणतो तिला लाइनदोरी म्हणतात. पहिल्या दिवसापासून हेच ऐकलं. त्यात दोरी दोनदा येते, हे आज कळलं.

खापरी ते बर्डी रोज

लाइनदोरी! आजोबा, आता बोला.

आणि एक. इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी लाइन 2019मध्ये बंद झाली. माझी आजी तिनंच माहेरी जायची. 'अरुंदमापी लोहमार्ग' म्हटलं तर मला त्या डब्यातला कोळसा-तेलाचा वास येत नाही. 'छोटी लाइन' म्हटलं की येतो.

महालातले आजोबा

सूत मान्य. लाइनदोरी तर फारच आवडली. छोट्या लाइनीला हात लावणार नाही, मीही तिच्यानं गेलोय. ज्या वस्तू तो शब्द घेऊनच आल्या, त्या त्याच्याच राहू द्या: वीज, फोन, मेट्रो, सिव्हिल लाइन्स.

पण चटणीताई, तुमच्या उत्तरात माझ्या प्रश्नाला बगल आहे. सुतानं रांगेला हाकललं नाही. मुंग्यांचं सूत कोणी म्हणत नाही. दिवाळीतली 'आवली' म्हणजेच ओळ, हे ज्याला ओळच माहीत नाही त्याला कसं सांगायचं? मुंग्या विलायतेहून आल्या नाहीत, कविता नाही, पट्टीनं ओढलेली रेघही नाही. तिथे मी हटणार नाही.

नातवाच्या वहीत तिन्ही लाइनी पेन्सिलनं खोडून वर रांग, रेघ, ओळ लिहिलं आहे. पोरगं रुसलंय, कारण बाईंनी त्या पानावर आधीच बरोबरची खूण केली होती. वही सोमवारी परत शाळेत जाईल. बाई काय म्हणतात ते कळवतो.