मदत हवी आहे: कमी कोडमध्ये ॲप बनवायला ॲपस्मिथ, टूलजेट की बडीबेस?
मंडळी, आमच्या गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळचं संकलन अजून वहीतच लिहितात, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक) सगळं, आणि ओल्या हाताने शाई पसरली की दहा दिवसांच्या बिलाला हमखास भांडण. मला त्यांना साधं ॲप करून द्यायचंय. पोस्टग्रेस (डेटाबेस) येतं, जावास्क्रिप्ट कामापुरती. ॲपस्मिथ आवडलं, लायसन्सही मोकळं, अपाची 2.0, पण डॉकरवर (सर्व्हरवर ॲप चालवायचं कंटेनर-टूल) टाकायला 4 जीबी रॅम सांगतात आणि आपला सर्व्हर 2 जीबीचा. टूलजेटचं लायसन्स एजीपीएल, बडीबेसचं जीपीएल (दोन्ही कोड खुला ठेवायच्या अटीवाली), संस्थेच्या आतच वापरायचं तर फरक पडू नये ना? मोबाईलवर, तेही रेंज जात-येत असताना, यातलं कुणी रोज वापरलंय का? अनुभव सांगा प्लीज, पुढच्या पंधरवड्यात सुरू करायचंय.