नकाशा वाढवून भागत नाही, उडी मोजावी लागते
‘सॉनिक वेगाने पळतो, त्याला मोठं मैदान दिलं की झालं’ हे सॉनिक या व्हिडिओ गेमच्या पात्राबद्दल निपाणीच्या मित्रांचं म्हणणं अर्धंच पटतं. जुन्या सॉनिक गेममधल्या ठरावीक वाटेच्या लेव्हलमध्ये खेळाडू कुठून, किती वेगाने येणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. खड्ड्याची रुंदी त्या उडीवर बेतलेली असते. ओपन वर्ल्डमध्ये, म्हणजे कुठेही फिरता येणाऱ्या मोकळ्या नकाशात, तो कुठल्याही बाजूने येतो आणि हे गणितच मोडतं. म्हणून ‘सॉनिक फ्रंटियर्स’मध्ये (2022) उसळी देणाऱ्या स्प्रिंग आणि घसरत जायचे रेल हवेत टांगलेत. चुकून स्प्रिंगला पाय लागला की कॅमेरा बाजूने लॉक होतो नि हवी ती दिशा हातची जाते. शिवाय लांबचे रेल जवळ गेल्यावरच उमटतात, मग वाट आधी हेरणार कशी? येळ्ळूरच्या वाटेवर राजहंसगड कसा लांबूनच दिसत राहतो, तशी खूण हवी.

मारिओच्या ‘बाउझर्स फ्युरी’ या गेमने (2021) हे जास्त नीट सोडवलंय असं माझं ठाम मत. एकच तलाव, त्यात छोटी बेटं. उड्यांचं मोजमाप बेटापुरतं, मधलं पाणी प्लेसी या पोहणाऱ्या, डायनासोरसारख्या प्राण्याच्या पाठीवरून पार करायचं.

फ्रंटियर्स खेळणाऱ्यांनी सेटिंगमध्ये कमाल वेग आणि वळण्याची सेन्सिटिव्हिटी दोन्ही वाढवून बघा. नुसता वेग वाढवलात तर वळणावर भरकटाल.