डिजिटल कवळीसाठी प्रिंटर बदलू की रेझिन? (आजींची कवळी आठ दिवसांत तडकली)

मिरज_लॅब
नमस्कार मंडळी. आमची छोटी डेंटल लॅब, मी आणि दोन पोरं. महिन्याला 25-30 फुल कवळ्या होतात, सगळ्या हीट क्युअर (उष्णतेने पक्क्या केलेल्या), मेणाचा नमुना, फ्लास्क म्हणजे साच्याचा डबा आणि त्यात पॅकिंग, आपलं जुनंच. आता फ्लास्किंग करणारा पोरगा पुण्याला चाललाय आणि इकडे दोन डॉक्टरांनी स्कॅनर घेतलेत, ते माप पाठवतच नाहीत, थेट फाइल टाकतात. माझ्याकडे मॉडेलसाठी एक साधा एलसीडी थ्रीडी प्रिंटर आहे, 405 चा. गेल्या महिन्यात त्यावरच ऑनलाइन मागवलेलं गुलाबी रेझिन (प्रकाशाने घट्ट होणारं पातळ प्लास्टिक) घालून एका आजींची वरची कवळी काढली. दिसायला झकास, डॉक्टरपण खूश. आठव्या दिवशी बरोब्बर मधोमध तडकली. वर आजी म्हणतात तोंडात घातली की औषधासारखा वास येतो. पैसे न घेता नवीन करून दिली, हीट क्युअरमध्ये. तर आता प्रिंटर बदलू, रेझिन बदलू की सरळ मिलिंगकडे (तयार डिस्कमधून मशीनने कवळी कोरणं) जाऊ? बजेट सगळं धरून 4-5 लाख.

डॉ_कवळीप्रेमी
प्रिंटरचं नंतर बघू. प्रिंट झाल्यावर क्युअर, म्हणजे प्रकाशाने पक्की, कशात केलीत? वास येतोय म्हणजे आत कच्चं रेझिन राहिलंय.

मिरज_लॅब
खरं सांगू का मॅडम, हसू नका. बहिणीच्या पार्लरमधला नेलपॉलिश सुकवायचा दिवा. दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं.

डॉ_कवळीप्रेमी
हसत नाहीये, दुसऱ्या एका लॅबमध्ये हेच बघितलंय 🙂 प्रिंटरमधून निघते ती कवळी अर्धीकच्चीच असते, खरी ताकद येते पोस्ट-क्युअरमध्ये. त्या दिव्याला पॉवर नाही आणि प्रकाश सगळीकडे सारखा पोचत नाही. शिवाय हवेतला ऑक्सिजन वरच्या थराला पक्कं होऊ देत नाही म्हणून ग्लिसरीनमध्ये बुडवून नाहीतर नायट्रोजनमध्ये क्युअर करतात. कच्चा थर म्हणजे वास, हिरडीला आग आणि अ‍ॅलर्जीची भीती. आणि मधोमध तडकली म्हणताय तर फ्रीनमची (ओठ हिरडीला जोडणारा पडदा) खाच किती खोल होती आणि टाळूची जाडी किती ठेवली होती तेही बघा, सॉफ्टवेअर 1.5 मिमी सुचवतं आणि आपण ओके दाबून मोकळे होतो.

थर_दर_थर
दादा मी नाशिकला, तीन वर्षं हेच करतोय. 405 आणि 385 म्हणजे प्रकाशाची वेव्हलेंग्थ, नॅनोमीटरमध्ये. तुमचा एलसीडी 405, नेक्स्टडेंटचं मशीनही 405, असिगाचं मॅक्स यूव्ही 385. रेझिन कुठल्या लाइटला बनवलंय हे बाटलीच्या कागदावर असतं, ते जुळलं नाही तर वरून कडक आणि आतून मऊ. म्हणून आधी रेझिन ठरवा, मग त्या कंपनीने ज्या प्रिंटरची सेटिंग आणि ज्या क्युअर बॉक्सची वेळ लिहून दिलीय तोच घ्या, उलटं करू नका (मी उलटं केलं होतं, प्रिंटर अजून ज्युलरी मॉडेल काढतोय). बाटली नीट हलवा, गुलाबी रंग तळाला बसतो, नाहीतर पहिली कवळी फिकट आणि शेवटची जांभळट. थंडीत इथे सकाळी रेझिन काकवीसारखं घट्ट होतं, हीटर असलेला टब नसेल तर अकरा वाजेपर्यंत प्रिंट लावतच नाही. हिरडीला टेकणाऱ्या बाजूला सपोर्ट अजिबात नको, घासताना फिट जातो. उभी लावली तर उंची साधारण 60 मिमी, 100 मायक्रॉनला 600 लेयर, लेयरला 10 सेकंद धरा म्हणजे 1 तास 40 मिनिटं. 50 मायक्रॉनला दुप्पट, बेससाठी (कवळीचा गुलाबी भाग) काही गरज नाही. आणि यूपीएस घ्याच, 580 व्या लेयरला लाइट गेली की काय वाटतं ते इथे लिहिता येणार नाही.

मिलिंगवाला_ठाणे
मिलिंगबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून. डिस्क फॅक्टरीतच दाब आणि उष्णतेखाली पक्की झालेली असते, जे आकसायचं ते तिथेच आकसून झालेलं, म्हणून फिट सुंदर आणि उरलेला मोनोमर (कच्चा राहिलेला घटक) नगण्य. इव्होशनसारख्या डिस्कमध्ये तर दात आणि बेस एकातच येतात. पण पाच अ‍ॅक्सिसचं चांगलं मशीन तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही आणि एका कवळीसाठी डिस्कचा बराचसा भाग भुशात जातो. मी सांगेन, ट्रायल (तोंडात घालून बघायची कवळी) स्वतः प्रिंट करा, पेशंटने पास केली की फायनल बाहेरून मिल करून घ्या. प्रिंटच करायचं तर रेझिनवाल्याकडे दोन कागद मागा, तोंडात चालतं याचा आयएसओ 10993 चा रिपोर्ट आणि 20795-1 ची फ्लेक्शरल (वाकवून ताकद बघायची) टेस्ट. हीट क्युअरला किमान 65 मेगापास्कल लागतं, त्याच्या खालचं कशाला घ्यायचं? नुसतं 'डेंटल ग्रेड' छापलेल्या बाटल्या पुष्कळ फिरतात.

हीटक्युअर_झिंदाबाद
सगळं खरं पण रिलायनिंगचं (सैल झालेल्या कवळीला आतून नवा थर देणं) काय? प्रिंटेड बेसला कोल्ड क्युअर (उष्णतेशिवाय घट्ट होणारं मटेरियल) म्हणावं तसं धरत नाही. आमच्याकडे एक आली होती, सहा महिन्यांत कडेने सालपटासारखं सुटलं.

थर_दर_थर
काका बरोबर. वरचा थर चांगला खरवडायचा आणि शक्यतो तेच रेझिन लावून लाइटने क्युअर करायचं, त्याच्या आधी धुतल्याचं अल्कोहोल पूर्ण उडू द्यायचं. दात बेसमध्ये चिकटवतानाही हेच.

मिरज_लॅब
सगळ्यांचे आभार. प्रिंटर राहू दे आहे तोच. आधी क्युअर बॉक्स, कागदपत्रांसकट 405 चं रेझिन आणि यूपीएस, आणि सहा महिने फक्त ट्रायल आणि डुप्लिकेट कवळ्या काढतो. फायनलसाठी ठाणेवाले, तुमचा रेट मेसेज करा. जाडी बघितली मॅडम, टाळूला 1.4 निघाली 🤦 पार्लरचा दिवा परत केला, बहीण विचारतेय त्याला गुलाबी काय चिकटलंय. आजींची खालची परवा द्यायची आहे, ती सध्या फ्लास्कमध्येच आहे.