रस्त्याच्या कामात आयुष्य काढलेलं कुणी आहे का इथे?

सिव्हिलचं शेवटचं वर्ष चालूय, सगळे म्हणतात बिल्डिंग लाइन पकड, पण मला रस्तेच आवडतात. पुढे कंटाळा येतो का?

घाटवाट: 34 वर्षं झाली, अजून नाही आला. 2002 ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला तेव्हा बघून अंगावर काटा आला होता, पण खरं समाधान दिलं ते पावणेचार मीटर रुंदीच्या एका ग्रामसडकेने, पावसात संपर्क तुटणाऱ्या वाडीत पहिल्यांदा एसटी आली आणि म्हाताऱ्या बायकांनी तिला ओवाळलं.

खडीवाला: पाणी समजून घे बाबा. कॅम्बर, म्हणजे रस्त्याला मधून कडेकडे दिलेला उतार, चुकला, गटार तुंबलं की खड्डा आलाच. आणि रोलरवाल्याकडून शीक, डांबर किती गरम असताना दाबायचं ते त्याला नुसतं बघून कळतं.

घाटवाट: +1

प्रश्नकर्ता: थँक्यू काका, घरी दाखवतो हे.