पावसात टचअप पेंट सुकवायचा कसा?

चिपळूणकर८८:
मंडळी एक विचारायचं होतं. गाडीच्या डाव्या दाराला खाली कुणीतरी बाईक घासून गेलंय, बोटभर लांब ओरखडा आहे आणि मधे चक्क पत्रा दिसतोय. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर कलर कोड बघून टचअपची बाटली आणलीये, सिल्व्हर मेटॅलिक, क्लियरकोट (रंगावर मारायचा पारदर्शक थर) वेगळा. पण इथे पाऊस काही उघडायचं नाव घेत नाही, गाडी असते पत्र्याच्या शेडमध्ये, तीन बाजू उघड्या, त्यात गणपतीला मुंबईचे पाव्हणे म्हणजे गाडी रोज बाहेर. बाटलीवर लिहिलंय एक तासात सुकतो. खरंच सुकतो का? की हेअर ड्रायर मारू?

गॅरेजवाला:
तासात सुकतो म्हणजे हाताला लागत नाही एवढंच. वर साय धरते, खाली थिनर असतोच, नख दाबलं तर खळगा पडतो. लोक एकच जाड थेंब सोडून मोकळे होतात आणि तो थेंब मग दिवसेंदिवस मऊच राहतो. तीन-चार पातळ हात मार, दोन हातांमधे अर्धा तास जाऊ दे, क्लियर शेवटच्या हातानंतर तासाभराने. पुढचे 24 तास तरी पाणी लागू देऊ नको. 2000 चा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा एकदम बारीक पॉलिश पेपर) मारायचा तर आठवडाभर थांब आणि वॅक्स महिनाभर नकोच, उरलेला थिनर वाफ होऊन जायला वेळ लागतो.

घाटावरचा:
ते सगळं बरोबर पण कोकणातल्या ऑगस्टात खरी भानगड वेगळीच आहे. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि क्लियर दुधाळ दिसायला लागतो. म्हणून ड्रायर आधी वापरा, पत्रा हाताला जेमतेम कोमट लागेल इतपत. नंतर मारायचाच तर फूटभर लांबून, कारण जवळून मारला की वरचा थर आधी बंद होतो आणि आतला थिनर बुडबुडे काढत बाहेर पडतो, टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. भर उन्हात लावला तरी हेच.

सहज_सुचलं:
एवढा व्याप कशाला, आत्ता नुसता प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारून ठेवा, कलरचं दिवाळीत बघू 😄

गॅरेजवाला:
नको रे बाबा! साधा प्रायमर पाणी पितो. खालून गंज धरतो आणि फुगवटे येईपर्यंत पत्ता लागत नाही. प्रायमर मारलास तर वर कलर आणि क्लियर हवाच, फिनिशिंग कसंही असू दे, ते ऑक्टोबरात घासून नीट करता येतं. आणि आत्ताच लालसर दिसत असेल तर आधी तो गंज पूर्ण खरवडून काढ, नाहीतर सगळं फुकट.

चिपळूणकर८८:
लालसर आहे थोडं. मग शनिवारी शेजारच्या काकांचं बंद गॅरेज मागतो, दोन रात्री गाडी तिथेच. बाटलीतला ब्रश फार जाड आहे, टूथपिक चालेल?

घाटावरचा:
चालेल की, उलट बरी, रेघेच्या बाहेर जात नाही. फक्त बाटली दोन-तीन मिनिटं सणसणीत हलवा, मेटॅलिकची चमकी तळाला बसलेली असते, नाहीतर सिल्व्हरऐवजी राखाडी पट्टा येईल.