आबांच्या ट्रंकेत एक डॉलर सापडला, पण शिक्का निळा आहे. खरा असेल का?

चोपड्याची_लेक:
आमचे आबा जळगाव स्टेशनवर टॅक्सी लावायचे. अजिंठ्याला जाणारे गोरे प्रवासी तिथेच उतरायचे. परवा ट्रंक आवरताना आबांच्या बिल्ल्याच्या डबीत चार घड्या घातलेला एक डॉलर सापडला. फोटो वॉशिंग्टनचाच, पण शिक्का आणि नंबर निळे. '१९५७ बी' लिहिलंय, नंबराच्या आधी एक चांदणी. चलन बदलून देणाऱ्याने 'नकली आहे, डॉलर हिरवा असतो' म्हणत हातात परत कोंबला. लॅमिनेट करून ठेवू का?

धुळ्याचा_कॅशियर (निवृत्त):
ताई, लॅमिनेशन मुळीच नको! नोटेचा जीव जातो.

निळा शिक्का म्हणजे सिल्व्हर सर्टिफिकेट. नोटेवर इंग्रजीत तसं छापलेलंच असेल, वाचा. ही नोट दिली की अमेरिकन सरकार एक डॉलरची चांदी द्यायचं. जून १९६८ मध्ये ते बंद झालं, पण एक डॉलर म्हणून ती आजही चालते. १९५७ हे मालिकेचं वर्ष, छपाईचं नव्हे.

आता चांदणी. छापताना नोट बिघडली तर तोच नंबर पुन्हा छापत नाहीत, चांदणीची नोट त्या जागी घालतात. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २००६ पासून हेच सुरू केलं. दहा-वीसच्या अशा नोटा मी काउंटरवरच्या बंडलातून काढल्यात (स्वतःची नोट बदली टाकून, हं). हिरव्या शिक्क्याच्या डॉलरवर चांदणी नंबराच्या शेवटी असते, निळ्यावर आधी. तुमची बरोबर जागी आहे.

भाव मात्र फार धरू नका. या मालिकेच्या नोटा चिक्कार आहेत, त्यात तुमची घडी पडलेली.

भुसावळचा_पप्पू:
मागे पिरॅमिडवर डोळा आहे का? ते गुप्त मंडळींचं काम असतं म्हणतात!

धुळ्याचा_कॅशियर (निवृत्त):
अरे भो, ती त्यांची राजमुद्रा, १७८२ ची. सुरुवातीला राज्यं तेरा, म्हणून पिरॅमिडला पायऱ्या तेरा आणि गरुडाच्या पंजात बाणही तेरा. पायथ्याशी रोमन आकड्यांत १७७६.

ताई, भिंग घेऊन कागदात लाल-निळे बारीक तंतू दिसतात का पाहा. तो कागद कापूस आणि जवसाच्या धाग्यांचा असतो. आपल्या कपाशीवाल्या हातांना स्पर्शातच कळेल.

चोपड्याची_लेक:
तंतू दिसले! भाच्याने पायऱ्या मोजल्या, पहिल्यांदा बाराच भरल्या, मग तेरा. एक विचारायचं राहिलं. घडीवर पिवळा डाग आहे. आजी म्हणते, आबा दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात ही नोट ठेवायचे, तेव्हाची हळद. खोडरबराने काढू?

धुळ्याचा_कॅशियर (निवृत्त):
हात लावू नका. भाव उतरायचा तेवढा उतरलाय, हळद राहू द्या.